कानात सांगायचं नाव

आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. आई पोटात वाढवते, बाप पेढे वाटतो, आजी तेल चोळते, पण बाळाच्या कानाशी ओठ नेऊन त्याचं नाव पहिल्यांदा उच्चारायचा मान आत्याचा. नाव सांगून झालं रे झालं की जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. कोणी हळूच घालतं, कोणी मनात साठलेला राग काढून घेतं. आत्या ‘मेले मेले’ म्हणत वाकते आणि हसत असते. मी एकुलत्या भावाची एकुलती बहीण. ते बुक्के कधी मिळतील याची मी फार वर्षं वाट पाहिली.

भावाच्या लग्नानंतर बराच काळ घरात पाळणा हलला नाही. फुलसावंगीला त्याची पिठाची गिरणी आहे, थोडं शेत आहे, माणूस सरळ आहे. वहिनी तर अशी की तिच्याशी भांडायचं ठरवून गेलेली बाई चहा पिऊन परत येते. पुसदचे दवाखाने झाले, नांदेडचे झाले. कोणी सुचवलेली मुळी झाली. शेवटी एका नवरात्राआधी मी तिला म्हटलं, चल, माहूरला जाऊन येऊ. माहूर आमच्यापासून जवळच. मध्ये जिल्हा बदलतो, देवी बदलत नाही.

आम्ही दोघी पायऱ्या चढून वर गेलो. माझे यजमान खाली टपरीवर चहा घेत थांबले. ते एसटीत कंडक्टर होते. आयुष्यभर उभ्यानं नोकरी केली, आता देवीनं तरी मला बसू द्यावं, असं म्हणाले. वर गाभाऱ्यात देवीचं फक्त मुख आहे. शेंदरानं माखलेलं, मोठ्या डोळ्यांचं, तोंडात विडा. हात नाहीत, पाय नाहीत. मी खणानारळानं तिची ओटी भरली आणि मनात म्हटलं, हिला मुलगी दे. तुझंच नाव ठेवीन, आणि माझ्या तोंडानं ठेवीन. हे शेवटचं मी का जोडलं कोण जाणे. मराठीची शिक्षिका असल्यामुळे वाक्य पूर्ण करायची खोड असावी. खाली आल्यावर यजमानांनी विचारलं, काय मागितलं? मी म्हटलं, सांगितलं तर फळत नाही. ते म्हणाले, मग बदली मागितली नसशील, तेवढं पुरे.

मी महागावला शाळेत शिकवते. वीसेक वर्षांत इथल्या निम्म्या मुलींची नावं माझ्या डोळ्यांखालून गेली असतील. बाळ झालं की आया माझ्याकडे येतात. पूर्वी म्हणायच्या, बाई, चांगलं नाव सांगा. आता फोन पुढे धरून म्हणतात, बाई, हे पाहा बरं, याचा अर्थ देवी दाखवून राह्यला. फोनवर प्रत्येक नावाचा अर्थ देवी. मायराही देवी, कियाराही देवी. त्या नावांना ना धातू ना प्रत्यय, ना आई ना बाप. मी चिडते. म्हणते, देवी पाहिजे तर सरळ देवीचं नाव ठेव ना. मग त्या ओशाळून म्हणतात, देवीचंच पाहिजे वो बाई, पण मॉडर्न.

माझ्या मनात मात्र एकच नाव होतं. रेणुका. रेणू म्हणजे कण. धुळीचाही आणि फुलातल्या परागाचाही. रेणू नावाच्या राजाची लेक म्हणून रेणुका, असं एक सांगतात. आईनं मला लहानपणी सांगितलं ते वेगळं होतं. ही बाई रोज नदीवर जायची आणि ओल्या वाळूचा घडा वळून त्यात पाणी आणायची. ना आवा, ना कुंभार. तिच्या मनाच्या निर्मळपणावर तो घडा टिकायचा. एक दिवस तिनं पाण्यात खेळणारं कोणाचं तरी सुखी जोडपं पाहिलं आणि घडीभर पाहत राहिली. त्या दिवशी घडा वळला नाही. नवऱ्यानं, जमदग्नीनं, ओळखलं आणि तो मुलांना म्हणाला, हिला मारा. थोरल्यांनी नाही म्हटलं. धाकट्यानं, परशुरामानं, आईवर परशू चालवला, आणि मग बापाकडून तिचा जीव मागून घेतला. म्हणजे घडीभर पाहण्याची ही शिक्षा. वर्गात ही गोष्ट सांगताना मला नेहमी संताप यायचा आणि पोरी मान खाली घालून हसायच्या.

माहूरची गोष्ट त्याच्या पुढची. जमदग्नीला राजाच्या माणसांनी मारलं. परशुरामानं कावडीच्या एका पारड्यात बापाचं प्रेत घेतलं, दुसऱ्यात आईला बसवलं, आणि कोरी भूमी शोधत तो माहूरच्या डोंगरावर आला. तिथं दहन झालं. आई बापाबरोबर गेली. पोरगा रडत बसला तेव्हा आकाशातून आवाज आला, तुझी आई जमिनीतून वर येईल, पण ती पूर्ण वर येईपर्यंत मागं वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. त्यानं पाहिलं तेव्हा मुखच वर आलं होतं. तेवढंच राहिलं. आपण त्यालाच शेंदूर लावतो आणि त्याचीच ओटी भरतो.

वहिनीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा माझे यजमान होते. त्यांनी डेपोतल्या लोकांना जिलबी खाऊ घातली. वहिनीला सातवा लागला तेव्हा ते नव्हते. दुपारी छातीत दुखतं म्हणाले, पाणी मागितलं, मी पाणी आणेपर्यंत घामानं भिजले होते. गाडी करून पुसदला निघालो, ते रस्त्यातच संपले. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

वहिनीच्या डोहाळेजेवणाला मला बोलावणं आलं नाही. मी समजले, सुतकाचे दिवस ताजे आहेत म्हणून. मलाही जायचं त्राण नव्हतं. मग मुलगी झाली. भावाचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा खऱ्या अर्थानं रडले. यजमान गेले तेव्हा डोळे नुसते कोरडे जळत होते. देवीनं ऐकलं होतं. त्या घरात एक चांगली गोष्ट घडली होती आणि तिच्यात माझा वाटा होता. तेवढ्या एका गोष्टीवर मी पुढचे दिवस काढले. सकाळी उठायचं कारण काय, तर बारसं यायचं आहे.

आत्यानं अंगडं-टोपडं आणायचं असतं. आमच्या शेजारी शिवणकाम करणारी भाभी आहे. तिच्याकडे मी पिवळ्या कापडाची कुंची शिवायला टाकली. तिला सगळं सांगितलं. बुक्क्यांचं ऐकून ती मशीन थांबवून हसली. म्हणाली, “हमारे में तो बच्चे के कान में अजान देते, बाजी, वो भी मर्द लोग. हम औरतां दरवाजे में खडी रहती. बुक्के भी नहीं और मान भी नहीं.” मग माझ्याकडे पाहून तिचं हसू ओसरलं. मी का ओसरलं ते विचारलं नाही. कुंचीला तिनं गोंडे लावून दिले आणि शिलाई घेतली नाही.

बारशाच्या आठवड्यात भाऊ महागावला आला. बाजाराचा दिवस होता. खुर्चीत बसला, पाणी प्याला, गिरणीच्या पट्ट्याविषयी बोलला, सोयाबीनवर पडलेल्या अळीविषयी बोलला. तो लहानपणापासून असाच, मुद्द्याच्या भोवती बैलासारखा फिरतो. मी कुंची आणून त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं ती हातात घेतली नाही, नुसती बोटानं गोंडा हलवला.

“ताई,” तो म्हणाला, “तूच सांग आता काय करावं.”

“कायचं?”

“तिच्या माहेरचे सारे येऊन राह्यले. लोकायचं तं तुले माहीत आहे. माह्या मनात काईच नाई. पण आई म्हणते...”

तो थांबला. मी त्याला मदत केली नाही. तो पुढे बोलेल आणि म्हणेल की आई काहीही म्हणते, तू ये आणि नाव ठेव, याची मी वाट पाहिली. खूप वेळ पाहिली. बाहेर भाभीचं मशीन चालू होतं. तो म्हणाला, “मारेगाववाली येऊन राह्यली. कानात सांगाले.” मारेगाववाली म्हणजे आमची चुलत बहीण. नवरा, दोन मुलं, हातभर बांगड्या. माणूस म्हणून वाईट नाही.

“नाव?” मी विचारलं.

“नाव तू म्हणशीन तेच,” तो घाईनं म्हणाला. जणू काही त्यानं मला मोठंच काही दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि फुलसावंगीला गेले. वहिनी बाळंतिणीच्या खोलीत झोपली होती. आई मागच्या खोलीत हरभरे निवडत होती. बारशाच्या घुगऱ्यांचे हरभरे. आमचे वडील मी दहावीत असताना गेले. त्यानंतर भावकीतल्या प्रत्येक बारशाला आई मागेच असायची, घुगऱ्यांच्या पातेल्याशी. मला खरंच वाटायचं की घुगऱ्या तिच्याइतक्या चांगल्या कोणालाच जमत नाहीत, म्हणून ती तिथं बसते. सगळे तसंच म्हणायचे.

मी दारातच म्हटलं, “आई, तू म्हणालीस का असं?”

तिनं मान वर केली नाही. “तू शिकेल आहेस. तुले सांगाले मी कोण? पण लेकराले उद्या साधा ताप जरी आला ना, तं लोक म्हणतीन, हिनं कानात सांगितलं म्हून आला. जन्मभर तुह्यावर येईन ते. मले ते नाई पाह्यल्या जात.”

“लोक म्हणतील की तुला वाटतं?”

आई हरभरे निवडत राहिली. पेपरात मी वाचते, अमुक गावानं ठराव केला, आता तिथं बाईच्या बांगड्या फोडत नाहीत, हळदीकुंकवाला सगळ्यांना बोलावतात. मी ते वर्गात वाचून दाखवलं आहे, पोरींना टाळ्या वाजवायला लावल्या आहेत. ते सगळं माझ्या तोंडाशी आलं. पण आईसमोर पेपर कामाचा नव्हता. मी तिच्या देवीवर गेले.

“आई, रेणुकेचा नवरा तिच्याआधी मेला. तूच सांगितलं मला. नवऱ्याचं प्रेत पलीकडच्या पारड्यात घेऊन ती डोंगर चढली. मग तिच्या कपाळी कुंकू कसं चालतं? तिची ओटी कशी भरतात? तिचं नाव पोरीला चालतं, आणि मी चालत नाही?”

मला वाटलं, मी तिला पकडलं. मला आनंदसुद्धा झाला, शाळेतल्या वक्तृत्वाला व्हायचा तसा.

आईनं हरभऱ्यातला खडा काढून बाजूला ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, टोचून बोलणं नव्हतं. वार काय आहे हे सांगावं तसं तिनं सांगितलं. “ती मांगं राह्यली नाई, बाई. ती त्याच्यासंगं गेली. म्हून तिले कुंकू आहे. मांगं आपण राह्यलो.”

एवढ्या वर्षांत मी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल. रेणू म्हणजे कण, धातू अमुक, पुराण तमुक. घड्याचं सांगितलं, परशूचं सांगितलं, आणि ‘आई बापाबरोबर गेली’ हे वाक्य मी दर वेळी घाईनं ओलांडून पुढे गेले. आई मात्र तीस वर्षं त्याच वाक्यात बसलेली होती. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. जळून मेलेल्या बाईला देवी म्हणायचं, आणि जगलेल्या बाईनं घुगऱ्या शिजवायच्या, हे तुला कळतं का, असं ओरडावंसं वाटलं. पण तिला ते कळत होतं. माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. मी तिच्यासमोरचं सूप ओढलं आणि हरभरे निवडायला लागले.

बारशाच्या दिवशी मी गेले. गेले नसते तर वहिनीनं जिवाला लावून घेतलं असतं. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, आणि वहिनीच्या बहिणीनं ऑनलाइन मागवलेली गुलाबी फुग्यांची कमान. मी कुंची मारेगाववालीच्या हातात दिली. ती अवघडून म्हणाली, “ताई, मले तं काई समजून नाई राह्यलं. मी नाई म्हणत होती.” मी म्हटलं, त्यात काय. मग थोड्या वेळानं ती मागच्या खोलीत आली आणि तिनं हळूच विचारलं, “ताई, कोणी अर्थ विचारला तं काय सांगू?”

मी सांगितलं, “रेणुका म्हणजे फुलातला पराग. पराग असतो म्हणून फळ धरतं, असं सांग.” धूळ मी सांगितली नाही. तिनं तोंडातल्या तोंडात पाठ केलं आणि गेली.

मागच्या खोलीत सतरंजी होती. आई भिंतीला टेकून बसली होती. पातेलं उतरवलेलं होतं, घुगऱ्यांना खोबरं घालून झालं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, थोडं सरकली आणि सतरंजीवर आपल्या बाजूला हातानं थोपटलं. “बस,” म्हणाली. मी बसले नाही. मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. मी पाहुणी आहे, मी आत्या आहे, मी फक्त पाणी प्यायला आत आले आहे, असं माझं माझ्याशी चाललं होतं. पाय भरून आले तरी मी उभी राहिले.

बाहेर बायका बाळाला पाळण्याखालून-वरून देत होत्या. घ्या, द्या, चाललं होतं. मग सगळं शांत झालं. कानात सांगताना सगळे तसेच गप्प होतात. त्या शांततेत माझेच ओठ हलले. मग ‘रेणुका’ असं मोठ्यानं ऐकू आलं, आणि बुक्के. धप, धप, धप. मारेगाववाली हसत ओरडली. प्रत्येक बुक्क्याला माझी पाठ आखडत होती आणि मोकळी होत होती. कोणी तरी अर्थ विचारला. तिनं परागाचं वाक्य माझ्याच शब्दांत म्हणून दाखवलं. बायका म्हणाल्या, किती छान शोधलं बाई. आई माझ्यामागे पातेल्यात पळी फिरवत होती, गरज नसताना.

पंगती उठल्या, टेम्पो भरून माहेरची मंडळी गेली. दिवेलागणीला वहिनी मागच्या खोलीत आली, तेव्हा तिथं आई आणि मी, दोघीच होतो. छातीशी पोरगी, पिवळ्या कुंचीत. तिनं खोलीचं दार लोटून घेतलं.

“ताई, आता बाहेरचं कोणी नाई,” ती म्हणाली. “मले काईच समजत नाई त्याच्यातलं. तुम्हीच माह्यासंगं त्या पायऱ्या चढल्या. तुम्ही सांगा हिच्या कानात. माह्यासाठी तेच बारसं.”

आणि तिनं लेकरू माझ्या हातात दिलं.

त्या पोरीचा वास अजून माझ्या नाकात आहे. तेल, धुरी, दूध. कुंचीच्या गोंड्याखाली तिचा कान होता, इवलासा, वरून दुमडलेला. सगळं तर माझ्यासमोर होतं. नवस, नाव, कान, आणि कोणी अडवणारं नाही. मी वाकले. माझे ओठ तिच्या कानाला लागले. ‘रे’ म्हणायला मी तोंड उघडलं, आणि पोरगी दचकली. बाळं झोपेत दचकतात, त्याला काही अर्थ नसतो, मला ठाऊक आहे. तिचं अंग माझ्या तळहातांना गरम लागलं. बाळांचं अंग गरमच असतं, तेही मला ठाऊक आहे. पण मी श्वास धरला. हिला उद्या ताप आला तर? लोक काय म्हणतील हे मनात आलंच नाही. लोक नव्हतेच तिथं. फक्त हिला काही झालं तर, एवढंच आलं. माझ्यामुळे. माझ्या तोंडच्या वाऱ्यानं. आणि मला कळलं की मीही तेच मानते. इतकी पुस्तकं, इतके धातू आणि प्रत्यय, पोरींना वाजवायला लावलेल्या त्या टाळ्या, यातलं काहीही माझ्या हाडात उतरलेलं नव्हतं. हाडात आई होती.

मी तशीच वाकून राहिले, नाव सांगायला लागतो तेवढा वेळ. मग सरळ झाले.

“सांगितलं?” वहिनीनं विचारलं. तिचे डोळे भरले होते.

मी मान डोलावली. तिनं लेकरू घेतलं आणि माझ्या पाठीत एक हलका बुक्का मारला, हसत, रडत. तेवढा एक मला मिळाला, तोही खोट्यावर. ती दार उघडून गेली.

आईनं सगळं पाहिलं होतं. ओठ हलले नाहीत हेही पाहिलं होतं.  तिनं वाटीत घुगऱ्या काढल्या, वाटी सतरंजीवर ठेवली आणि ती सकाळसारखीच थोडी सरकली.

मी तिच्या शेजारी बसले.